दाजीपूरच्या रानातला रखवालदार

टाळी मीच वाजवली होती, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. महाराजांच्या शिकारीसाठी राखलेल्या दाजीपूरच्या रानात मी गवे बघायला गेलो होतो. सोबत दरबारचा रखवालदार होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही. रानात शिरताना त्याने करकरणाऱ्या वहाणा काढून गळ्यात अडकवल्या, चिमूटभर माती सोडून वारा बघितला. खडकावर गव्यांसाठी मीठ ठेवून आम्ही झुडपाआड बसलो.

कळप आला, पण सगळ्यांची तोंडं मिठात. एकाने तरी मान वर करावी म्हणून मी टाळी वाजवली. कळप उधळला. एक वासरू मागे राहिलं, थरथरत.

"पावणं, बघाय आलायसा का हाकाय?" तो कुजबुजला. "आता आई येईस्तवर हलायचं न्हाय. वाघ हाय हितं."

मळलेली तंबाखू त्याने मुठीतच धरून ठेवली. उन्हं कलल्यावर आई परतली, वासराला चाटू लागली. तेव्हा कुठे ती तंबाखू त्याच्या तोंडात गेली.

"माझं चुकलं," मी हळूच म्हणालो.

"मला काय सांगतायसा? तिला सांगा की."

तो हसेल म्हणून मी थांबलो. तो हसला नाही. मग मी तिच्याकडे वळून हात जोडले आणि ओठातल्या ओठात म्हणालो, "बाई, चुकलो मी."