कुंपणावरून ओळखलेली माशी

एवन मॅक्रॉस्टीला दिवसभरात कुणी काही विचारलं नाही, तर त्याला घास गोड लागत नसे. उभी हयात त्याने साऊथलंडच्या मेंढीबाजारात दलाली केली. कुंपणावर कोपर टेकायचे, कळपावर एक नजर टाकायची आणि वजन सांगून मोकळं व्हायचं, ही त्याची ख्याती. काट्यावर वजन वेगळं भरलं, तर काटा बिघडलेला असे. निवृत्त झाल्यावर विचारायला उरली एकटी बायको, शोना, आणि तिला एवनला विचारण्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

मग त्याला कॅडिस माश्या सापडल्या. ओढ्याच्या तळाशी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत ही माशी वाढते, आणि पंख फुटले की दिव्यावर येऊन छपरासारखे पंख मिटून बसते. ट्राउट मासे पकडणाऱ्यांना ती ठाऊक असते, बाकीच्यांना तो नुसता पतंग. लोक तिचे फोटो एका संकेतस्थळावर टाकतात आणि खाली कुणीतरी जात ओळखून लिहितं. दोघांचं एकमत झालं की नाव पक्कं. एवनने एका हिवाळ्यात दोन पुस्तकं चाळली आणि नावं वाटत सुटला. बघता बघता कॅडिस ओळखणाऱ्यांत तो देशात पहिला आला. किती बरोबर ओळखल्या हे तिथे कुणी मोजत नव्हतं. किती ओळखल्या एवढंच मोजलं जाई, आणि त्याला तेवढं पुरे होतं.

वर रुबाब तर विचारूच नका. "बाजूने काढा फोटो, हा काय बटाट्याचा काढलाय?" असं तो अनोळखी माणसांना लिहायचा, आणि ती बिचारी आभार मानायची. त्याने नाव टाकायचा अवकाश, मागून माना डोलवणारे हजर. मॅक्रॉस्टी म्हणतात ना, मग झालं.

नायरी टाउ पलीकडच्या खोऱ्यात राहायची. तिच्या घरामागून एक लहानसा ओढा वाहत असे. लहानपणापासून ती त्याच्या आवाजात झोपलेली. शेजारच्या डेअरीवाल्याला तो ओढा पाइपात घालून वर कुरण करायचं होतं. परवानगी देणाऱ्या स्थानिक परिषदेने एकच गोष्ट विचारली होती: ओढ्यात दुर्मीळ काही राहतं का? राहत असेल तर ओढा उघडा राहील. नायरीने खिडकीवर बसलेल्या माशीचा फोटो टाकला आणि एवनचं उत्तर वाचून त्याला फोन लावला.

"एवन, नायरी बोलतेय. नीट बघितलास का फोटो?"

"बघितला की. साधी तपकिरी. डबक्याडबक्यात असते."

"ती दुर्मीळ दगडी तपकिरी नसेल कशावरून? दोघी दिसायला सारख्याच म्हणतात. नराच्या शेपटाचे चिमटे भिंगाखाली बघावे लागतात. एक नर मी स्पिरिटात घालून ठेवलाय. घेऊन येऊ का?"

"बाटल्या कशाला नाचवतेस? मला फोटो पुरतो."

"माझी कोकरंही तुला कुंपणावरून पुरली होती. काट्यावर काय भरली, आठवतंय ना?"

"तुझा काटा बिघडला होता, बाई!"

फोन ठेवेपर्यंत फोटोखाली दुसऱ्या कुणीतरी मान डोलवली होती. नाव पक्कं झालं.

तरी दुपारी चीज रोल खाताना एवनच्या मनात कुठेतरी खुट्ट झालं. गाडी काढून बाटली बघून येणं काही अवघड नव्हतं. पण जो स्वतः जाऊन बघतो तो कसला जाणकार! त्याने संकेतस्थळावरचा साध्या तपकिरीचा सर्वांत वरचा फोटो उघडला. सहा जणांनी मान्य केलेला, नमुना म्हणून लावलेला. नायरीची माशी शेजारी ठेवून पाहिली. हुबेहूब! त्याने उरलेला रोल चवीने संपवला.

परिषदेच्या माणसाने पक्कं नाव पाहिलं आणि परवानगी दिली. यंत्र आलं, पाइप पडला, वर माती लोटून गवत पेरलं.

नायरीने बाटली डनेडिन शहरातल्या एका जाणकार बाईंकडे पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं ते पाइप पुरल्यावर. दगडी तपकिरीच. नायरीने ते उत्तर आपल्या फोटोखाली जसंच्या तसं लावलं, वर एक शब्द लिहिला नाही. शिवी दिली असती तर एवनला भांडता तरी आलं असतं.

बाईंना खोटं पाडायला म्हणून त्याने पुन्हा तो नमुन्याचा फोटो उघडला आणि मोठा केला. माशीमागच्या भिंतीवर एक निळा चिमटा लटकत होता, कपडे वाळत घालायचा. भिंत त्याच्याच धुण्याच्या खोलीची होती. फोटो त्याचा, पहिलं नाव त्याचं, आणि बाकी सहा जण त्याच्याच मागून आलेले. म्हणजे शंका आली तेव्हा गृहस्थाने स्वतःलाच विचारलं होतं, आणि स्वतःशी एकमत झालं म्हणून खुशाल रोल खाल्ला होता.

त्याने दोन्ही फोटोंवर आपण दिलेलं नाव मागे घेतलं आणि 'फोटोवरून सांगता येत नाही' हे वाक्य आयुष्यात प्रथमच लिहिलं. नमुन्यावरचं नाव मात्र हललं नाही. सहा जण होते ना! त्यांतल्या एकाने उलट लिहिलं, "सर, तुम्हीच सांगितलं होतं. तुमचं कधी चुकत नाही."

शेवटी तो नायरीकडे निघाला. शोनाने फडक्यात बांधून चीज रोल दिले. म्हणाली, "हे तिला दे. आणि तिथे तोंड जरा मिटून बस."

ते त्याला जमलं नाही. "नायरी, मी दिलेलं नाव मागे घेतलंय तिथून," तो कुंपणाशी पोचताच म्हणाला.

"उपकार झाले."

घरामागे सपाट, कोवळं गवत होतं. कसलाच आवाज नव्हता.

"काढ फोटो," नायरी म्हणाली.

"कशाचा?"

"ह्या गवताचा. आणि सांग, खाली कोणकोण राहत होतं. तुला फोटो पुरतो ना?"

एवनने सवयीने कुंपणावर कोपर टेकले होते. ते त्याने हळूच काढून घेतले.