शेठाणीला परवडेना

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे शेठाणी म्हणत. काम लेन्स घासून फ्रेममध्ये बसवायचं, पगार बेताचा. पण बिल आलं की पर्सकडे पहिला हात हिचाच. पहिली नोकरी, पहिली स्वतःची भाड्याची खोली. पगाराच्या दिवशी ही राणी आणि वीस तारखेला ठणठणगोपाळ.

एका महिन्यात भाड्यालाच पैसे उरले नाहीत, तेव्हा तिनं थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई नर्स, तिचं बोलणंही सुई टोचल्यासारखं.

"पाठवते. पण जातात कुठे एवढे?"

"मी काय उधळते का गं? वर्षात दोन ड्रेस तरी घेतले का?"

"मग काय उंदीर खातात? पगार हातात आला की आधी त्याची वाटणी कर, मग खर्चाला लाग."

शेठाणीनं त्याच संध्याकाळी पुढच्या पगाराची वाटणी केली. बाहेरचं खाणं शून्य, चहा शून्य, सिनेमा शून्य. कागदावर इतके पैसे उरले, की दोन वर्षांत खोली विकतच घेऊ असं तिला वाटू लागलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचे पाचच भरले. पगारानंतर सहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक तिच्यावर विनाकारण खेकसलं आणि घरी जाताना तिनं बदकाच्या आकाराचा महागडा दिवा घेतला. खोलीत प्लग एकच आणि शेगडीही विजेची. त्यामुळे एकतर स्वयंपाक, नाहीतर बदक.

"अगं, ही वाटणी आहे की उपास?" ताई फोनवर हसून हसून बेजार झाली. "जगायचे पैसे धर की त्यात! आणि गेल्या महिन्यात खरंच कुठे गेले ते आधी बघ."

बघितलं, तर निम्मे पैसे शुक्रवारी गेलेले. दर शुक्रवारी दुकान बंद झालं की सगळे कोपऱ्यावर खायला जात आणि "राहू दे, मी देते" हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. हिच्याकडे तर दोघीही मुक्कामाला होत्या.

नव्या वाटणीत भाडं, किराणा, वीज, बस, थोडी शिल्लक आणि मजेलाही चार पैसे होते. पण त्या चार पैशांत सगळ्यांची पोटं काही मावेनात. म्हणजे आता तोंड उघडणं आलं. दुकानात आरशांना तोटा नव्हता. शुक्रवारी दिवसभर ती आरशात बघून पुटपुटत राहिली, "आपापलं देऊ या का?"

"माझ्याशी बोलताय का?" फ्रेम लावून बघणाऱ्या आजोबांनी विचारलं.

संध्याकाळी बिल आलं. सगळ्यांचे डोळे सवयीनं तिच्याकडे वळले.

"मला... नाही परवडत हो," ती म्हणाली. कान लालबुंद झाले होते.

डोळे तपासणाऱ्या काकांनी पेला खाली ठेवला. "सुटलो बाई! कधीतरी सगळ्यांचं मलाही द्यावं लागेल, या धास्तीनं मी चार महिने अर्धपोटी उठतोय."

"आणि मला तर शुक्रवारी लवकर घरी जायचं असतं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "तू एवढ्या मायेनं ओढून नेतेस, म्हणून येते."

शेठाणीला आधी हायसं वाटलं, मग राग आला. एवढे पैसे घालून आपण यांना छळत होतो की काय! मग मात्र तिला हसू आवरेना. त्या दिवशी काकांनी स्वतःच्या पैशानं दोन प्लेट जास्त खाल्ल्या.

त्यानंतर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला हातात पैसे शिल्लक होते. अशा पैशांचं लोक काय करतात, हेच तिला ठाऊक नव्हतं. दोन दिवस डोकं खाजवून तिनं पोहायच्या शिकवणीची फी भरली. पहिल्या आठवड्यात अर्धा तलाव पोटात गेला.

"पैसे पाण्यात घातलेस म्हण की!" ताई फोनवर म्हणाली.

"घातले तर घातले, माझेच आहेत," शेठाणी म्हणाली आणि ओले केस पुसू लागली.