माझ्या नावाचा केसपेपर

आमच्या घरातली सगळी कागदपत्रं माझ्या नावावर आहेत. गॅस, वीज, सोसायटीचा मेन्टेनन्स, मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवरचा ‘पालक’ हा रकाना. यात स्त्रीमुक्ती वगैरे काही नाही. फॉर्म भरणारी मी, म्हणून नाव माझं. खिडकीपलीकडून कोणी ‘नाव?’ असं विचारलं की माझं तोंड आपोआप उघडतं. या सवयीने आजवर पुष्कळ कामं झटपट झाली आणि एक साफ चुकलं.

नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट होता. सव्वीस वर्षं. गेल्या वर्षी मालकांनी तो प्लांट बंद केला आणि नवरा आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये येऊन बसला. पहिला महिना मी त्याला विश्रांती म्हटलं, दुसरा महिना रुसवा म्हटलं. तिसऱ्या महिन्यापासून मी वही केली. वरती लिहिलं, ‘यांचं’. खाली नोंदी: दाढी चार दिवसांनी. खाली उतरले नाहीत. टीव्ही चालू, लक्ष नाही. मुलीचा पुण्याहून फोन, बोलणं ‘बरं’ एवढंच, दोनदा.

आणि कुकर. कुकरची पहिली शिट्टी झाली की हा माणूस जिथे असेल तिथून उठायचा, स्वयंपाकघरात यायचा आणि गॅस बंद करून परत जायचा. डाळीला चार शिट्ट्या लागतात. आमच्या घरात आठ महिने कच्ची डाळ शिजत होती.

वहीत सोळा नोंदी झाल्यावर एका दुपारी जेवताना तो सहज म्हणाला, “घर तर तूच चालवतेस. मी नसलो तरी काही अडायचं नाही.” मी म्हटलं, “असलं काही बोलू नका, ताक घ्या.” मग भांडी आवरून वही काढली आणि सतरावी नोंद म्हणून ते वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर पेन बराच वेळ हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. वाशीला एका खासगी समुपदेशकाकडे चौकशी केली. एका सेशनची फी ऐकून नवरा म्हणाला, “एवढ्यात अख्ख्या बॉयलरची सर्व्हिसिंग होते.” आठवड्यातलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं, तेही नकाराचं. मग मेडिकलवाल्याकडून कळलं की आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराची सहा सेशन्स जवळजवळ फुकट मिळतात. मी यादी केली: दोघांचे आधार, रेशनकार्ड, फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स, पाण्याची बाटली, वही.

आरोग्य केंद्राच्या खिडकीवर विचारलं, “नाव?” मी सांगितलं. “वय?” “एकावन्न.” केसपेपर घेऊन आम्ही डॉक्टरांपुढे बसलो. बाहेर रांग दारापर्यंत आली होती. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, “काय होतंय?” उत्तर मी दिलं. असे आठ प्रश्न झाले, आठही उत्तरं मी दिली, मुद्देसूद, तारखांसह. डॉक्टरांनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, इतकी तयारी करून आलेला नातेवाईक त्यांना क्वचित भेटत असेल. त्यांनी चिठ्ठी लिहून सिस्टरकडे दिली, सिस्टरने केसपेपर बघून वरचा भाग भरला.

चिठ्ठी मी तिथेच उभी राहून तपासली. शिक्का आहे. सही आहे. विभाग बरोबर. ‘सहा सेशन’ असं लिहिलंय. नाव वाचलं की नाही, मला आठवत नाही. इतकी वर्षं प्रत्येक कागदावर आपलंच नाव बघितल्यावर ते दिसेनासं होत असावं.

तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ते तीन आठवडे मी नवऱ्याची तयारी करून घेतली. “तिथे गेल्यावर गप्प बसू नका.” “बरं.” “झोपेचं आधी सांगा, मग जेवणाचं.” “बरं.”

हॉस्पिटलच्या त्या विभागाबाहेर लांब बाक होता आणि दारात एक मावशी. जवळच्याच गावातली असावी, केसांत अबोलीचा गजरा आणि आवाज तीन मजल्यांना पुरेल असा. तिने माझं नाव पुकारलं. मी उठले, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, “चला.”

मावशीने दारात आडवा हात घातला. “पेशंट कोन हाय?”

“हे.”

“कागद तर बाईंच्या नावचा हाय.” तिने चिठ्ठी माझ्यासमोर धरली. होता. माझ्याच नावाचा, ठळक अक्षरात.

“अहो मावशी, चूक झाली खिडकीवर. पेशंट हेच आहेत, मी फक्त...”

“मग नवीन चिठ्ठी आना, ताई. नवीन तारीख घ्या. हितं ल्हिलंय, वय एकावन, बाईमानूस. ह्या बाप्याला काय बाईमानूस म्हनून आत सोडू?”

अख्खा बाक हसला. आणि माझ्या शेजारी नवऱ्याचे खांदे हलताना दिसले. आधी मी घाबरले. मग कळलं, तोही हसत होता.

“जा,” तो म्हणाला, “तुझा नंबर लागलाय.”

पुन्हा तीन आठवडे थांबण्यापेक्षा निदान वही तरी आत पोचवावी, असा हिशोब करून मी गेले.

समुपदेशक माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी तिला दोन मिनिटांत घोळ समजावला आणि वही उघडून क्रमाने वाचायला लागले. ती ऐकत होती. सतराव्या नोंदीवर तिने मला थांबवलं.

“हे कधी म्हणाले?”

मी तारीख आणि वेळ सांगितली.

“तुम्ही काय म्हणालात?”

“ताक घ्या, म्हटलं.”

ती हसली नाही. म्हणाली, “त्यांच्या चिठ्ठीचं लगेच करा, मी लवकरची तारीख मिळते का बघते. पण त्याआधी त्यांना सरळ विचारा, जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का. विचारल्याने ते नव्याने मनात येत नाही. उलट बरं वाटतं.” मग तिने मागचं पान उलटलं. “आणि हे कुकरचं. गॅस बंद करताना त्यांना काय होतं?”

“डाळ कच्ची राहते.”

“त्यांना काय होतं?”

मी वही चाळली. वेळ होती, शिट्ट्यांचा आकडा होता. तिने जे विचारलं होतं ते नव्हतं.

“विचारलं नाही कधी,” मी म्हटलं. “डाळीचं मात्र सांगितलंय. बऱ्याचदा.”

“प्लांट बंद झाला त्या दिवशी घरी आले, तेव्हा काय झालं?”

ते मला चांगलं आठवत होतं, कारण त्या दिवशी मी फारच तत्पर होते. तो बूट काढत होता तोवर मी यादी करायला घेतली होती: पीएफ, ग्रॅच्युइटी, अनुभवाचा दाखला, नवीन अर्ज. तो म्हणाला होता, “जरा बसतो.” मी म्हटलं होतं, “बसून काय होणार?” रात्रीच्या जेवणाआधी यादी फ्रिजवर लागली होती. अजून आहे. चारपैकी चार मुद्द्यांवर बरोबरची खूण आहे, सगळ्या माझ्या हातच्या.

हे सांगत असताना तिने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मला गरज नव्हती. तरी एक घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग डब्यातून आणखी एक काढावा लागला.

बाहेर आल्यावर आम्ही कॅन्टीनच्या बाकावर चहा घेऊन बसलो. मी असले प्रश्न विचारायला सरावलेली नाही, त्यामुळे वीजबिल भरलं का याच सुरात विचारलं, “अहो, जिवाचं काही करायचं मनात येतं का तुमच्या?”

त्याने कप खाली ठेवला. “नाही गं. तसलं नाही.” कप पुन्हा उचलत म्हणाला, “नुसतं वाटतं, खरंच काही अडत नाही.”

“डाळ अडते. आठ महिने झाले.”

यावर तो पुन्हा हसेल असं मला वाटलं होतं, पण नाही हसला. मी विचारलं, “शिट्टी झाली की काय होतं तुम्हाला?”

“शिट्टी म्हणजे व्हॉल्व्ह उडाला,” तो म्हणाला. “प्रेशर हाताबाहेर गेलं. सव्वीस वर्षांत माझ्या पाळीत एकदाही उडू दिला नाही मी. आणि घरात रोज उडतो, वर तू मोजत बसतेस. एक, दोन, तीन...”

मला हसू आलं, पण तो पुढे बोलत होता, म्हणून ते आवरलं. शेवटच्या दिवशी बॉयलर त्यानेच बंद केला होता. बाकीचे जेवणाच्या सुट्टीतच निघून गेले, हा थांबला. बॉयलर असा एकदम बंद करून चालत नाही, हळूहळू उतरवावा लागतो. दर तासाला प्रेशर आणि पाण्याची पातळी लॉगबुकात लिहायची, पाळी संपली की इन्चार्जची सही घ्यायची. काटा शून्यावर आला. त्याने शून्य लिहिलं. सहीसाठी वर गेला तर ऑफिसला कुलूप होतं.

“तेवढं एकच पान राहिलं बिनसहीचं,” तो म्हणाला. “सव्वीस वर्षांत.”

दुसऱ्या कोणाला ही गोष्ट फार किरकोळ वाटली असती. पण त्या बाकावर त्याच्या शेजारी मी होते. अपुऱ्या राहिलेल्या पानाचं काय होतं, ते मला कोणी समजावायची गरज नव्हती. या एका बाबतीत आम्ही दोघं अगदी एकमेकांना शोभतो, हे लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन माझ्या नोंदीत नव्हतं.

मी बिस्किटाचा पुडा फोडला. काही बोलले नाही. माझ्यासाठी हे काम सोपं नव्हतं, याचीही कुठे नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा आरोग्य केंद्राच्या रांगेत होतो. आदल्या संध्याकाळी मी एकच गोष्ट कबूल केली होती, खिडकीपाशी तोंड उघडणार नाही. यादीही केली नव्हती. म्हणजे केली होती, पण पर्समध्येच ठेवली.

आमचा नंबर आला. “नाव?”

नवरा गप्प. खिडकीतल्या बाईंनी मान वर करून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सवयीने माझ्याकडे. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले. नऊ महिने, गोवर. सोळा ते चोवीस महिने, बूस्टर. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे काका, बोला ना, लाईन बघा.” मी ओठ आत धरले होते.

“नाव सांगा हो.”

त्याने सांगितलं. खिडकीपलीकडे नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वय सांगितलं. पत्ता, सेक्टर, बिल्डिंग, फ्लॅट नंबर सांगितला. काय होतंय विचारल्यावर म्हणाला, “ते डॉक्टरांना सांगतो,” आणि हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

“मोबाईल नंबर?”

त्याने दहाही आकडे न अडखळता सांगितले. नंबर माझा होता. स्वतःचा त्याला कधीच पाठ नव्हता.

माझ्या नावाच्या त्या जुन्या चिठ्ठीतली चूक मात्र मी दुरुस्त करायला गेले नाही. माझ्या कागदावरची पाच सेशन्स अजून बाकी आहेत आणि वाया घालवणं मला जमत नाही. पुढच्या तारखेला आम्ही दोघं जाणार आहोत, आपापल्या कागदावर. मावशी काय म्हणेल ते ऐकायची मी तयारी ठेवली आहे.