दुसरं पिल्लू

ढिवरदादांच्या छोट्या होडीत, म्हणजे डोंग्यात, पाय ठेवला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आता तोंड बंद, गुर्जी." शाळेत मी पोरांना आठवडाभर जे बजावत असे, ते रविवारी मला ऐकावं लागे.

नवेगावचा आमचा तलाव तळी बांधणाऱ्या कोहळी लोकांनी डोंगरांमध्ये पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून बांधलेला. त्याच्या उथळ टोकाला मैलभर नुसता चिखल, कमळं आणि गवत. मासे धरणारे हे ढिवरदादा मला तिथे हौसेने फिरवत. मी पक्षी पाहावेत आणि त्यांनी माझं अज्ञान. "बदक नोहे ते, पानकोंबडी हाय. काय शिकवता पोराईले?"

पोळ्यानंतर त्यांनी मला सारसाचं घरटं दाखवलं. आपोआप उगवलेल्या देवधानाच्या मधोमध गवताचा ढीग, त्यावर मादी बसलेली आणि शेजारी माणसाएवढा नर. "कोणाले सांगू नका," ते म्हणाले. मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी तलावाचे मालक असलेल्या मालगुजारांकडे बंदूकवाला पाहुणा आला होता. तुम्हीच सांगा, मास्तराच्या पोटात काही राहतं का?

सकाळी सगळे पाळीवर हजर. ढिवरदादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"डोंगा जाणार नाही."

"काऊन?" मालगुजारांनी विचारलं.

"अंडी हायेत."

"जाळं टाकाची परवानगी कोण देते तुले?"

"तुमीच देता." मग डोंगा रेटायचा बांबू पाहुण्याच्या हातात देऊन म्हणाले, "न्या तुमीच."

पाहुण्याने डोंग्यात चढून जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या, कमळाच्या देठांत अडकला आणि बंदुकीसकट चिखलात गेला. त्याला बाहेरही यांनीच काढलं. सारस वाचले, यांची परवानगी गेली. बायकोला घेऊन ते सासुरवाडीच्या तलावावर गेले. माझ्या जिभेची शिक्षा त्यांनी भोगली, याची लाज मला आजही वाटते.

दसऱ्याला मी एकटाच डोंगा रेटत गेलो. दोन सारसांमधून एक तपकिरी पिल्लू चालत होतं. सहा कोस पायी जाऊन मी त्यांना ते सांगितलं. ते जाळं विणत होते.

"एकच?"

"एकच दिसलं."

"अंडी दोन होती. गवतात लपून राहिलं असन. नीट पाहा जाऊन." आवाजात राग नव्हता. मला रडूच आलं.

नीट पाहिलं. दुसरं होतं. लगोलग पुन्हा सहा कोस गेलो, तर ते जाळी गुंडाळून पुढच्या कुठल्याशा तलावावर निघून गेले होते. नंतर भेट झालीच नाही. संक्रांतीच्या सुमाराला दोन्ही पिल्लं आईबापामागून उडाली. साऱ्या गावाला मी ते सांगितलं, फक्त त्यांनाच सांगायचं राहिलं.