इंजिन उत्तम आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, बाहेर खाल्लेली भजी तिला वासावरून कळतात. पण हे कळलेलं नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर एखादे वेळी तुमचीही गाडी मीच पास केली असती.

कारण ती माझी हौस होती. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरात कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी मला बोलावणं यायचं. उभं आयुष्य बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेलं, निवृत्त झालो, आणि हाताला चाळा हवा म्हणून लोकांच्या गाड्या बघायला लागलो. चहाशिवाय कुणाकडून काही घेतलं नाही. लग्न जमवताना पत्रिका बघितली का विचारतात, तसं आमच्याकडे ‘भाऊंनी बघितली का?’ असं विचारायचे. खरं सांगू? मला ते फार आवडायचं. छाती फुगायची.

आणि मला कळायचंही. पत्र्यावर बोटाने टकटक केली की लांबी, म्हणजे पुट्टी, भरून दडवलेला पोचा बद्द वाजतो. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असले की ते एकदा उतरवलेलं आहे. डिकीतला गालिचा उचलायचा, स्टेपनी बाहेर काढायची आणि खालचा पत्रा बघायचा — कंपनीचं वेल्डिंग एका रांगेत टिंबं टिंबं असतं, गॅरेजमधलं ओघळलेलं असतं. आणि शेवटी दिवे.

दिव्यांचं जरा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. किल्ली फिरवली, पण इंजिन अजून चालू केलं नाही, की समोर सगळे दिवे लागतात. त्यातला एअरबॅगचा लाल दिवा चार-पाच सेकंदांत आपला आपण विझतो. विझला म्हणजे फुगा जागेवर आहे, ठोकर बसली तर उघडेल. गाडी एकदा जोरात आदळली की फुगे उघडतात आणि बाद होतात. नवे बसवायचे सोडून काहीजण वर नुसतं झाकण लावतात. मग तो दिवा जळतच राहतो — म्हणून त्याची वायर ऑइलच्या दिव्याला बांधून टाकतात. अशा गाडीत लाल दिवा इंजिन चालू होईपर्यंत हटत नाही, आणि चालू झालं की ऑइलच्या दिव्याबरोबर, एकाच क्षणी, जातो. बघणाऱ्याला वाटतं — विझला ना, झालं.

मला तसं वाटलं नाही. मला माहीत होतं. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच पळवाट सापडायला नको.

आमच्या समोरच्या दारात निशाताई राहायच्या. उरणला, करंजाच्या बाजूला एका शाळेत शिकवायच्या. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी सई, तेव्हा दुसरीत. बसने जाण्यायेण्यात त्यांचा जीव अर्धा व्हायचा. त्यांना छोटी गाडी हवी होती. आणि नेमकी त्याच वेळी आमच्या मुलीच्या, मधुराच्या, होणाऱ्या सासऱ्यांना, कामोठ्याला, त्यांची गाडी काढायची होती. जोडून कुणी दिलं? मीच. वर म्हणालो, घरातलीच गाडी आहे, डोळे मिटून घ्या.

लग्नाला तीन आठवडे होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

रविवारी सकाळी आम्ही गेलो — मी, निशाताई, सई. पांढरीशुभ्र गाडी, धुऊन पुसून ठेवलेली. व्याही म्हणाले, ‘‘भाऊ, तुम्ही आहात म्हणजे प्रश्नच मिटला. एका हाताची आहे. साधा ओरखडा नाही.’’ मी हसलो आणि सवयीने डाव्या बाजूच्या पत्र्यावर बोट वाजवलं. बद्द. पुढे सरकलो. पुन्हा बद्द. बॉनेट उघडलं, बोल्टवर ओरखडे. समोरची पट्टी कापून जोडलेली, वर ताजा काळा रंग. अजून मनाला समजावत होतो — लागली असेल थोडीफार, शहरात कुणाच्या गाडीला लागत नाही?

मग आत बसलो आणि किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. मी मोजलं — पाच, दहा, वीस. हटेना. इंजिन चालू केलं. ऑइलचा आणि तो, दोघे एकदम गेले.

काचेतून समोर बघितलं तर व्याही बॉनेटपाशी उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. हसणं तोंडावर तसंच, पण डोळे — कसे सांगू — वाट बघत होते. त्यांना कळलं की मला कळलं. शेजारच्या सीटवर सई चढून बसली होती आणि समोरचा कप्पा उघडत होती, मिटत होती.

निशाताई खिडकीशी वाकल्या. ‘‘भाऊ, तुम्ही हो म्हणालात तरच घेणार. मला यातलं काही कळत नाही.’’

मी म्हणालो, ‘‘इंजिन उत्तम आहे.’’

ते खरं होतं. इंजिन खरंच उत्तम होतं! किती दिवस मी त्या वाक्याला कवटाळून बसलो होतो — खोटं तर बोललो नाही ना? पण मला काय विचारलं होतं आणि मी काय सांगितलं? निशाताईंनी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि गाडी आधी भाऊ चालवतील म्हणून किल्ली माझ्याच हातात दिली.

मधुराचं लग्न थाटात झालं.

आणि मग माझी शिक्षा — नाही, शिक्षा कसली, मला कुणी केली? मग माझा नाटकीपणा सुरू झाला. उरणचा रस्ता कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरांचा. एकामागून एक, डोंगराएवढे, आणि त्यांच्यामधून ती पांढरी डबी रोज जायची आणि रोज यायची. चार वाजले की मी गॅलरीत. सव्वाचार, साडेचार. फाटकातून गाडी वळली की आत जाऊन पाणी प्यायचो. निशाताईंना सांगायचो, पन्नासच्या वर जाऊ नका, पट्टा लावा, ट्रेलरच्या मागे चिकटू नका, सईला मागे बसवा. बिल्डिंगमध्ये माझी चेष्टा व्हायची — भाऊ गाडीची सासू झालेत. निशाताई मात्र म्हणायच्या, माझे वडील असते तर त्यांनीही इतकी काळजी केली नसती. हे ऐकताना मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा. किळस येते मला आता त्या मान खाली घालण्याची.

एकदा त्या किल्ली आमच्याकडे ठेवून माहेरी गेल्या असताना मी धाडस केलं. वायपरचं बघून आणतो म्हणून गाडी कळंबोलीला एका ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने स्टिअरिंगवरचं झाकण काढलं. आत बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘चाचा, ये तो खाली डब्बा है.’’ डावीकडेही तेच. म्हणाला, नवे मागवतो, दोन दिवस गाडी ठेवून जा.

दोन दिवस! निशाताई परवा येणार. गाडी कुठे म्हणून विचारतील. मग काय सांगायचं — कशासाठी ठेवली? तुम्हाला कधी कळलं? मला म्हणायचं एवढंच आहे की उपाय समोर होता, माणूस हातात पाना घेऊन उभा होता, आणि मी म्हणालो, बंद कर. त्याने झाकण दाबून बसवलं. टक असा आवाज आला. मी गाडी घेऊन घरी आलो आणि किल्ली परत खुंटीला अडकवली.

तुम्हाला वाटेल, झाला कबुलीजबाब संपला. मुलीसाठी बाप घाबरला, होतं असं. मलाही तो भाग सांगायला तितका जड जात नाही, खरं तर. त्यात मी बरा दिसतो.

गेल्या वर्षी निशाताईंची बदली झाली आणि त्यांनी गाडी विकायला काढली. सात वर्षांत काही झालं नाही. माझ्या चोख नजरेची साक्ष म्हणून त्या ती गाडी सगळ्यांना दाखवायच्या. घ्यायला शिरढोणकडचा एक जण आला, गोदामात सुपरवायझर, बरोबर बायको — पोटुशी. निशाताईंनी मला खाली बोलावलं. तो पटकन पुढे आला, माझे हात धरले.

‘‘भाऊ, कुठं ठोकलेली नाय ना? घरात बारकं येनार हाय. आमाला यातलं काय कलत नाय, तुमी सांगाल तेच खरं.’’

आता सांगा, मला कशाची भीती होती? मधुरा सुखात आहे, तिला मूल आहे, व्याही कधीच वारले. माझं कुणीही काही बिघडवणार नव्हतं. फक्त निशाताई शेजारी उभ्या होत्या, अभिमानाने माझ्याकडे बघत. त्यांचं ते बघणं मला सोडवेना. भाऊंनी बघितली — एवढीच ती इस्टेट.

मी म्हणालो, ‘‘नाही. कुठेही लागलेली नाही.’’

या वेळी इंजिनाबद्दल काही बोललो नाही. सरळ, स्वच्छ, डोळ्यात बघून खोटं बोललो. आवाजही कापला नाही. हे ते, जे मी सांगितलेलं नाही.

त्याने माझा नंबर घेतला. अधूनमधून फोटो पाठवतो — गाडीला हार, गाडीपुढे बारसं आटोपून आलेली माणसं. गाडी एक नंबर, भाऊ. मागच्या आठवड्यात एक आला. बायको स्टिअरिंगवर बसलेली, सीट अगदी पुढे ओढून, छाती त्या झाकणाला टेकेल इतकी जवळ, आणि मनमोकळं हसतेय. खाली लिहिलं होतं : हिला पन शिकवतो आता. उरणच्या रस्त्यानी रोज कामाला जानार.

फोन माझ्या हातात होता. त्याचं नाव समोर होतं. एक बटण दाबायचं होतं.

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याने लगेच जोडलेले दोन हात पाठवले.