साडूंची मिल आणि गव्हाण

आमच्या साडूंइतका यंत्राच्या नादी लागलेला माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर मला कळवू नका, एकानंच माझ्या नाकी नऊ आणलेत. राहायला सणसर, नोकरी साखर कारखान्यात मिल फिटरची. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी गेम खेळायचा कॉम्प्युटर घेतला, निळे-हिरवे दिवे लागणारा. त्यावर ते गाड्यांच्या शर्यती खेळत. पडद्यावर दोनशेच्या वेगानं घाट उतरणारा हा गृहस्थ मला स्कूटरवर मागं बसवून बारामतीला निघाला, की सायकलवाले आम्हाला ओलांडून जात आणि वर वळून बघत.

खरी गोडी खेळाची नव्हतीच. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाच्या वर यंत्र पळवायचं, हे वेड. प्रोसेसर म्हणजे त्यांची मिल आणि रॅम म्हणजे गव्हाण, मिलमध्ये ऊस नेऊन टाकणारा पट्टा. मी सांगून सांगून दमलो की हा कारखाना नव्हे. ते म्हणत, "साडूभाऊ, मिल फास्ट आन् गव्हाण ढिली, तर मिल रिकामी फिरती. गव्हाण फास्ट आन् मिल ढिली, तर ऊस तुंबतो. दोगींचा मेळ बसाय पायजे." मग एक रविवार प्रोसेसर थोडा वर चढवण्यात जाई, दुसरा रॅम चढवण्यात, तिसरा दोन्ही थोडे खाली आणण्यात. ज्या दिवशी मेळ बसला त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला आणि उसाची मोळी ठेवली, गळीत हंगामाला गव्हाणीपुढं ठेवतात तशी. नारळाचं पाणी कीबोर्डात गेलं. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, दारातून ओरडली, "आता हळदीकुंकू बी लावा त्याला." ते त्यांनी आधीच लावलं होतं, मागच्या बाजूला.

मेहुणीचा आवाज असा, की ती परसात बोलली तरी रस्त्यावरच्या माणसानं थांबून 'काय म्हणताय?' विचारावं. त्याच आवाजाला घोगरेपणा आला, तो जाईना, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. जीव वाचेल, बोलणं जाईल. हातात आठवडा होता.

त्या आठवड्यात साडू रजा टाकून फोन घेऊन तिच्या मागं मागं फिरले. लेकीला हाक मारताना, भाजीवाल्याशी भांडताना, देवापुढं आरती म्हणताना, सगळं त्यांनी भरून घेतलं. ती वैतागून म्हणाली, "मी मरतीय का काय?" तेही भरलं गेलं. फोनमधली जागा संपत आली तसं त्यांनी ते सगळं कॉम्प्युटरमध्ये हलवलं आणि फोन मोकळा केला.

आता इथं त्यांची चूक सांगतो. कॉम्प्युटरमध्ये जे काही साठवायचं ते आधी याच गव्हाणीवरून, म्हणजे रॅममधून जातं, आणि ती बिनचूक चालतेय का हे तपासायची एक चाचणी असते. त्यांनी ती दिवाळीत लावली होती आणि तिच्यात एक चूक निघाली होती. एकच. कारखान्यात रीत अशी, की हंगाम सुरू झाला की बारक्या कुरकुरीसाठी मिल थांबवायची नाही, दुरुस्ती उन्हाळ्यात. साडूंनी घरीही तेच केलं. "गेम पळतोय नव्हं? हंगाम सरला की बगू." मला ते त्यांनी सांगितलं होतं, आणि मीही मान हलवली होती.

ऑपरेशन झालं. महिन्यानं मेहुणी घरी आली, गळ्याला भोक, हातात पाटी. एका दुपारी आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढं बसलो. पहिली हाक अर्धी ऐकू आली आणि पुढं नुसती खरखर. दुसरी उघडलीच नाही. आरतीचं एक कडवं धड होतं, मग पुन्हा खरखर. साडूंनी दोन्ही वेग उतरवून कंपनीच्या आकड्यावर आणले, पण उपयोग काय, ते साठवलंच गेलं होतं चुकीचं. मला त्यांचा भयंकर राग आला. मग दिवाळीत मीच हलवलेली मान आठवली आणि राग माझ्याकडंच वळला.

"मिल बिगडली की आवाज करती हो," ते म्हणाले. "ही गव्हाण गप ऱ्हायली. येका शब्दानं बोलली न्हाय." आणि ते रडले. तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मेहुणीनं पाटी बाजूला ठेवली. तिनं पुढं होऊन एक फाईल पुन्हा लावायची खूण केली. फाईलमध्ये ती म्हणत होती, "अवो, जेवाय चला, गार..." आणि तिथं आवाज तुटत होता. आवाज तुटला तिथून पुढं तिचे ओठ हलले. शब्द निघाला नाही, नुसता गळ्यातून वारा आला. तिनं पुन्हा लावायला लावलं. पुन्हा ओठ हलले. तिसऱ्या वेळी साडू पडद्याकडं बघतच नव्हते.

ते खुर्चीवरून उठले. "आलो," म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. दुपारचे चार वाजले होते, जेवणं केव्हाच झाली होती. मेहुणी उठून आत गेली आणि तिनं त्यांना वाढलं.