मोटर लावण्याआधी

मी समोर बसले की आमचा कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागायचा आणि मी जरा उठून गेले की बंद पडायचा. हे कोणाला सांगितलं की लोक हसायचे. सगळ्यात मोठ्याने हसायचे ते आमचे हे.

हे म्हणजे माझा नवरा, निवृत्त झाल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी. मी वालीवच्या एका गाळ्यासाठी घरी बसून एम्ब्रॉयडरीची डिझाइन्स करते. ब्लाउजच्या पाठीवरचा मोर, साडीच्या काठाची वेल, कुठला टाका कुठे पडायचा ते सगळं कॉम्प्युटरवर आखायचं, मग तिकडची मशीन्स ते शिवतात. एका मोराला अख्खी सकाळ जाते. तो अर्ध्यात सोडून उठावं, परत यावं, तर कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झालेला आणि मोर गायब! मध्ये मध्ये सेव्ह करायचं, असं सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः मोर काढून बघावा. पिसाऱ्यात जीव अडकलेला असताना सेव्ह कोणाला आठवतं? मला रडू यायचं, आणि मग रडल्याचा राग यायचा.

"तू काहीतरी भलतंच दाबतेस," हे म्हणायचे. अहो, मी तिथे नसतेच, तर दाबीन कशी?

रिपेअरवाला आला. त्याने रॅम काढून खोडरबराने घासली, पंख्यातली धूळ उडवली, विंडोज नव्याने टाकली. तो असेपर्यंत कॉम्प्युटर एकदम गुणी बाळ. "ताई, मशीन ओके आहे," म्हणून तो गेला, आणि ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बिघाड माझ्यातच आहे. तिकडे गाळेवाला म्हणाला, आता एकदा जरी उशीर झाला तरी काम दुसरीकडे देणार. ह्यांनी लगेच तोडगा काढला, विकून टाक, आराम कर.

आराम! माझ्या कामाला हे कधी काम म्हणालेच नव्हते. 'तुझा तो छंद' म्हणायचे. ते हातचं गेलं असतं तर ह्या घरात माझं म्हणून काही उरलं नसतं. मी सांगितलं, विकायचा तर मलाही सोबत विका.

आणि ठरवलं, काही होवो, आज खुर्ची सोडायची नाही. मोराची मान झाली, पिसारा निम्म्यावर आला, आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला.

आमच्याकडे टँकरला वेळकाळ नाही. हॉर्न वाजला की बिल्डिंगमधली प्रत्येक बाई हातातलं टाकून उठते. टँकर खालच्या टाकीत रिकामा होतो, मोटर पाणी वर चढवते, आणि नळ चालू आहे तोवर बादल्या, पिंपं भरून घ्यायची. मीही कायम उठत आले. पाय आपोआप चालतात. त्या दिवशी मी ते खुर्चीला आवळून धरले.

"अगं, पाणी आलं!" हे खालून ओरडले. शेजारीण दारातून डोकावली. "वहिनी, बरं नाही का?"

"चांगली ठणठणीत आहे. बसलेय."

खाली मोटर घरघरली. ट्यूबलाइट मिचकली, पंख्याचा जोर उतरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळा झाला. मी एकटीच मोठ्याने हसले. माझं माहेर वटार गावचं. वाडीला पाणी सोडायला विहिरीवरची मोटर लावली की घरातला बल्ब असाच डोळा मारायचा. म्हणून वडील मोटर लावण्याआधी घराकडे हाक द्यायचे आणि आई मिक्सर थांबवायची. एवढं ठाऊक असून मला सुचलं नाही, कारण मोटर लागायच्या वेळी मी नेहमी बादलीपाशी!

आणि ही नवी दांडगी मोटर आणली कोणी? सेक्रेटरींनी! नारळ फोडून, हार घालून!

मी खाली जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमची मोटर माझे मोर खाते. वायरमन बोलवा आणि ती दुसऱ्या लाइनीवर घ्या."

"त्यापेक्षा यूपीएस घे ना," हे म्हणाले.

"दुखणं तुमच्या मोटरचं आणि औषध मी घ्यायचं?"

"बरं, विषय मीटिंगमध्ये ठेवतो."

ठेवा. पुढच्या टँकरला मी ह्यांच्या आधी खाली उतरले आणि मोटरच्या बटणासमोर हाताची घडी घालून उभी राहिले. "वर माझं डिझाइन अर्धं आहे. मी जाऊन सेव्ह करते, खिडकीतून सांगते, मग दाबा. तोवर हात लावायचा नाही." नळ कोरडे का म्हणून बायका रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात आलेल्या. वाटलं, आता माझीच खरडपट्टी निघणार. तर वरच्या मजल्यावरची म्हणाली, "थांबा की हो सेक्रेटरी. काम चाललंय तिचं."

काम! ह्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत न निघालेला शब्द तिने सहज उच्चारला. मी सेव्ह करायला जिना चढले.

तो मोर वेळेवर वालीवला पोचला. त्यानंतरचेही पोचले. मीटिंग अजून व्हायची आहे. टँकर आला की सेक्रेटरी बटणापाशी उभे राहून आमच्या खिडकीकडे मान वर करतात आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं विचारतात, "अगं, झालं का तुझं काम?" मी "दाबा" म्हणेपर्यंत वर थेंब चढत नाही.

कधी कधी डिझाइन केव्हाच सेव्ह झालेलं असतं. तरी मी जरा थांबते.